इंटरनेट वेगवान, तरी कार्यालय मंद का? भिंतीतल्या केबलची आणि कोपऱ्यातल्या पेट्यांची ओळख

देशभरातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये मंजुरी दिली आणि त्यासाठी २,५१६ कोटी रुपयांची तरतूद केली. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी, चिकोडी भागात या प्राथमिक संस्थांना कृषी पत्तीन संघ म्हणतात; तिथल्या अशा संघांत, पतसंस्थांत आणि मराठी शाळांत संगणक त्याआधीही होते; पण पूर्वी ते एकेकटे चालत, आता ते एकमेकांशी आणि बाहेरच्या जगाशी सतत जोडलेले असावे लागतात. त्यामुळे ‘नेट स्लो आहे’ ही तक्रार कॅश काउंटरपासून शाळेच्या संगणक कक्षापर्यंत सगळीकडे ऐकू येते. मग इंटरनेट पुरवणाऱ्याला फोन होतो, महाग योजना घेतली जाते, आणि महिन्याभराने तक्रार होती तिथेच असते.

अशा ठिकाणी मी पहिल्यांदा एकच गोष्ट करतो. इंटरनेट ज्या पेटीतून कार्यालयात येते, तिलाच एका चांगल्या केबलने लॅपटॉप जोडून वेग मोजतो आणि मग तोच लॅपटॉप काउंटरच्या जागी नेऊन पुन्हा मोजतो. पहिल्या ठिकाणी पुरेपूर वेग आणि दुसऱ्या ठिकाणी त्याचा चौथा हिस्सा, असे दिसले की दोष बाहेरच्या जोडणीत नसून इमारतीच्या आत आहे हे सिद्ध होते. माझ्या अनुभवात हा आतला दोष फार वेळा सापडतो. तो कुठे कुठे दडलेला असतो आणि नवे काम करून घेताना कशावर पैसे खर्च करावेत, हे या लेखात सांगायचे आहे.

पाणी राकसकोपचे, पाइप घरातला

एका इमारतीतले किंवा एका आवारातले संगणक, प्रिंटर आणि कॅमेरे एकमेकांना जोडून जे जाळे तयार होते, त्याला लोकल एरिया नेटवर्क किंवा लॅन म्हणतात. इंटरनेट ही त्या जाळ्याला बाहेरून मिळालेली एक जोडणी असते. बेळगावकरांना हे पाण्यावरून लगेच लक्षात येईल. राकसकोप जलाशयाचे पाणी गल्लीतल्या मुख्य वाहिनीतून आपल्या दारापर्यंत येते. परंतु टाकीपासून न्हाणीघरापर्यंतचा पाइप गंजलेला असेल, तर राकसकोप काठोकाठ भरले तरी बादली भरायला लागायचा तेवढाच वेळ लागतो. शिवाय संस्थेची माहिती आतल्याच एका मुख्य संगणकावर ठेवलेली असेल, तर काउंटरवरून खाते उघडताना बाहेरच्या पाण्याचा संबंधच येत नाही, सगळा प्रवास घरातल्या पाइपातूनच होतो.

वेग मोजण्याच्या एककात बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. जाळ्याचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून सेकंदाला १०० मेगाबिटची जोडणी प्रत्यक्षात सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट माहिती नेते. संस्थेच्या दिवसभराच्या कामाची १० गीगाबाइटची प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवायची असेल, तर १०० मेगाबिटच्या जाळ्यावर किमान तेरा मिनिटे लागतात. हजार मेगाबिटच्या, म्हणजे गीगाबिट जाळ्यावर तेच काम दीड मिनिटाच्या आत उरकू शकते, मग बाहेरचे इंटरनेट कितीही असो. ‘आमची इंटरनेट योजनाच १०० ची आहे, मग आत गीगाबिट कशाला?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, त्याचे उत्तर या हिशेबात आहे.

दवंडी, पोस्टमन आणि कोगनोळीचा नाका

कोपऱ्यातल्या पेट्या दिसायला सारख्या असतात, म्हणून लोक त्या सगळ्यांनाच राउटर म्हणतात. मात्र त्यांची कामे अगदी वेगळी आहेत.

सर्वांत जुनी पेटी म्हणजे हब. एका तोंडातून, म्हणजे पोर्टमधून आलेला संदेश हब उरलेल्या सगळ्या पोर्टांवर जसाच्या तसा सोडतो. निरोप एकाच घरासाठी असला तरी गावभर दवंडी पिटावी, तसे ते काम होते. एकाच वेळी दोघांनी दवंडी सुरू केली की कोणाचेच ऐकू येत नाही; दोघांना थांबून पुन्हा बोलावे लागते. संगणक चार असतील तर हे खपून जाते, वीस झाले की जाळ्याचा बराचसा वेळ थांबण्यातच जातो. हब आता नव्याने कोणी विकत घेत नाही, पण जुन्या शाळांच्या कपाटांतून तो अजून बाहेर निघतो आणि ‘चालतोय’ म्हणून पुन्हा जोडलाही जातो. तो काढून टाकावा.

स्विच हा गल्लीत नव्याने आलेल्या पोस्टमनसारखा असतो. प्रत्येक संगणकाच्या जोडणीला कारखान्यातूनच ४८ बिटांचा एक पत्ता मिळालेला असतो. कोणत्या पोर्टमधून कोणत्या पत्त्याचे पत्र आले, याची नोंद स्विच स्वतःच ठेवत जातो आणि थोड्याच वेळात त्याला प्रत्येकाचे घर पाठ होते. मग ज्याचे पत्र त्यालाच मिळते आणि बाकीचे आपापल्या कामात राहतात. इथरनेट या लॅनच्या रूढ पद्धतीचा पहिला स्विच १९९० मध्ये बाजारात आणणाऱ्या अमेरिकी कंपनीचे नाव चक्क ‘कल्पना’ होते. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांनी स्थापन केलेल्या या कंपनीला भारद्वाज यांच्या पत्नीचे नाव दिलेले होते. १९९४ मध्ये सिस्को कंपनीने ती विकत घेतली.

राउटरचे काम कर्नाटक-महाराष्ट्र हद्दीवरच्या कोगनोळीच्या नाक्यासारखे आहे. आतली वाहने आतच फिरत राहतात, तेव्हा नाक्याचा प्रश्न येत नाही; हद्द ओलांडून पलीकडे जायचे असेल तेव्हाच नाका लागतो. राउटर दोन जाळ्यांच्या हद्दीवर बसतो आणि आपले जाळे इंटरनेटशी जोडतो. घरोघरी दिसणाऱ्या छोट्या पेटीत राउटर, चार पोर्टांचा स्विच आणि वाय-फाय अशी तीन यंत्रे एकत्र बसवलेली असतात, आणि नावांचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. पाच-सहा संगणकांपर्यंत ही एकत्र पेटी आणि तिला जोडलेला आठ पोर्टांचा साधा स्विच पुरतो. मात्र स्विच घेताना त्यावर गीगाबिट लिहिलेले आहे ना, हे पाहून घ्यावे, कारण १०० मेगाबिटचे स्विच अजूनही विकले जातात आणि किमतीतला फरक फार मोठा नसतो.

एक धोका इथेच सांगून ठेवतो. साध्या स्विचच्या दोन पोर्टांत एकाच केबलची दोन्ही टोके खोचली गेली, तर सर्वांसाठी असलेला संदेश त्या वर्तुळात न थांबता फिरत राहतो, त्याच्या प्रती वाढत जातात आणि काही सेकंदांत सगळे जाळे ठप्प होते. एका शाळेत साफसफाईनंतर लोंबकळणारे टोक कोणीतरी चांगल्या हेतूने रिकाम्या पोर्टात बसवले होते आणि संगणक कक्ष दोन दिवस बंद राहिला. असे वर्तुळ ओळखून तोडण्याची पद्धत रेडिया पर्लमन या संगणकशास्त्रज्ञ महिलेने १९८५ मध्ये शोधली, परंतु स्वस्त स्विचमध्ये ती बहुधा नसते. शाळेसाठी ती असलेला स्विच घेणे मला योग्य वाटते.

केबलला पीळ कशासाठी?

रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी १९७३ च्या सुमारास झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात इथरनेट ही पद्धत घडवली, तेव्हा सगळे संगणक एकाच जाड केबलवर ओळीने टांगलेले असत. पुढे टीव्हीच्या केबलसारखी दिसणारी बारीक केबल आली. तिचा एक तुकडा १८५ मीटरपर्यंत चालत असे, मात्र मधला एक सांधा निखळला की अख्खी ओळ बंद पडे. १९९० मध्ये पिळलेल्या तारांच्या जोड्यांवर चालणाऱ्या पद्धतीचे प्रमाण ठरले, प्रत्येक संगणकाची केबल स्वतंत्रपणे मधल्या पेटीकडे येऊ लागली, आणि आज आपण जिला लॅन केबल म्हणतो ती घरोघरी पोहोचली.

या केबलच्या आत आठ तारा असतात आणि त्या दोन-दोन करून एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. वडगाव-शहापूरच्या मागवाल्यांना सुताच्या पिळाचे महत्त्व सांगायला नको. इथे मात्र पीळ मजबुतीसाठी नसतो. संदेश एका तारेतून न जाता जोडीतल्या दोन तारांमधल्या फरकाच्या रूपाने जातो. शेजारून मोटरची किंवा विजेच्या तारेची लुडबुड झाली, तर पिळामुळे दोन्ही तारा आळीपाळीने तिच्या जवळ येतात आणि दोघींवर तिचा परिणाम जवळपास सारखाच होतो. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखीच धूळ पडली तर काटा हलत नाही, तसेच हे. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये या युक्तीचे पेटंट घेतले होते. चारही जोड्यांचा पीळ कमी-जास्त ठेवलेला असतो, म्हणजे त्या एकमेकींतही ढवळाढवळ करत नाहीत.

पीळ जितका काटेकोर, तितकी केबलची प्रत, म्हणजे कॅटेगरी किंवा ‘कॅट’, वरची. कॅट ५ई ही केबल १०० मीटरपर्यंत गीगाबिट वेग नेते आणि आजही लहान कार्यालयाला ती पुरते. कॅट ६ गीगाबिट तर नेतेच, शिवाय सुमारे ५५ मीटरपर्यंत दहा गीगाबिटही नेऊ शकते. कॅट ६ए तेच काम पूर्ण १०० मीटर करते, पण ती जाड आणि वळवायला कठीण असते. नव्या कामासाठी माझा कौल कॅट ६ ला आहे, कारण भिंतीत झिरी मारण्याची, पाइप टाकण्याची आणि गिलाव्याची मजुरी कॅट ५ई आणि कॅट ६ दोन्हींना सारखीच लागते, आणि स्विच पाच-सात वर्षांनी बदलता येतो तसा भिंतीतला पाइप बदलता येत नाही. कॅट ७ आणि कॅट ८ च्या जाहिरातींना लहान संस्थांनी भुलण्याचे कारण नाही. बाहेरून धातूचे वेष्टण असलेली केबल उद्यमबागेतल्या फाउंड्रीत किंवा मोठ्या मोटरींच्या शेजारी उपयोगी पडते, पण त्या वेष्टणाचे अर्थिंग नीट केले नाही तर त्याचा लाभ मिळत नाही. साध्या कार्यालयात विजेची तार आणि लॅन केबल वेगवेगळ्या पाइपांतून न्यावी, आणि जिथे त्या एकमेकींना ओलांडतील तिथे काटकोनात ओलांडाव्यात, एवढी काळजी पुरेशी आहे.

१०० मीटरचा जो हिशेब सांगितला जातो, त्यात भिंतीतली केबल ९० मीटर आणि दोन्ही टोकांच्या लहान जोडकेबली मिळून १० मीटर धरलेल्या असतात. भिंतीतल्या केबलच्या तारा अखंड, एकेरी असतात आणि वारंवार वाकवल्या तर तुटतात. टेबलापाशी रोज हलणारी केबल बारीक धाग्यांच्या तारांची असावी लागते. भिंतीतून आलेले टोक थेट संगणकात खोचू नये, भिंतीवर सॉकेट बसवावा.

‘टेस्टरचे आठही दिवे लागले, मग केबल चुकीची कशी?’

या प्रश्नावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण आपल्याकडच्या बऱ्याच मंद जाळ्यांचे मूळ मला इथेच सापडले आहे. केबलच्या टोकाला बसवतात त्या पारदर्शक तोंडाला आरजे-४५ म्हणतात आणि त्यात तारा ठरलेल्या क्रमाने बसवायच्या असतात. सर्वाधिक वापरला जाणारा क्रम असा: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या दोन तारांमध्ये निळी जोडी का घुसवली आहे, असे नवख्या माणसाला वाटते. वायरिंगचे काम चोख करणारा एखादा इलेक्ट्रिशियनही मग आपल्या समजुतीने रंग ओळीने लावतो: केशरीची जोडी, हिरवीची जोडी, निळीची जोडी, तपकिरीची जोडी. दोन्ही टोकांना तोच क्रम ठेवल्यामुळे साध्या टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागतात आणि काम पास होते.

घोटाळा असा होतो की तोंडाचे तिसरे आणि सहावे टोक हे संगणकाच्या दृष्टीने एका जोडीचे असतात, पण ओळीने लावलेल्या रंगांत त्या दोन टोकांना वेगवेगळ्या पिळातल्या तारा येतात. वीज एका टोकाकडून दुसऱ्याकडे जाते, म्हणून दिवा लागतो. मात्र एकमेकींशी पिळलेल्याच नसलेल्या दोन तारांवर बाहेरची लुडबुड सारखी होत नाही आणि तराजूचा काटा डोलू लागतो. तीन-चार मीटरच्या केबलीवर हे कळतही नाही. वीस-तीस मीटरवर संदेश बिघडतात, पुन्हा पाठवावे लागतात, आणि माणसे इंटरनेटला दोष देतात. उपाय अगदी सोपा आहे: तोंडाच्या पारदर्शक भागातून रंग वाचावेत आणि क्रम चुकला असेल तर टोक कापून नवे बसवावे.

यासारखीच दुसरी सवय म्हणजे एका केबलीतल्या चार जोड्यांपैकी दोन एका संगणकाला आणि दोन दुसऱ्याला देणे. १०० मेगाबिटच्या जोडणीला दोनच जोड्या लागतात, म्हणून हे चालून जाते. गीगाबिटला मात्र चारही जोड्या हव्यात. हेच ज्ञान उलट बाजूनेही वापरता येते. स्विच गीगाबिटचा, संगणक गीगाबिटचा आणि तरीही संगणकाच्या नेटवर्क माहितीत वेग १०० दिसत असेल, तर निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार तुटलेली असण्याची शक्यता बरीच असते.

‘स्वस्त केबलनेही काम चालतेच की’

बाजारात कॅट ६ लिहिलेली, पण आतून ॲल्युमिनियमची आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा दिलेली केबल मिळते. ॲल्युमिनियमची वीजवहनक्षमता तांब्याच्या सुमारे ६० टक्केच असते, ते वाकवल्यावर लवकर तुटते, आणि या केबलींच्या प्रमाणाला शुद्ध तांबेच अपेक्षित आहे. खोक्यावरच्या बारीक अक्षरांत कुठेतरी सीसीए (कॉपर-क्लॅड ॲल्युमिनियम) लिहिलेले असते. ओळखण्याची घरगुती रीत म्हणजे तार ब्लेडने खरवडायची. आत चांदीसारखा पांढरा रंग निघाला तर ती नको. ज्यांच्याकडे मल्टिमीटर आहे त्यांना याहून पक्की परीक्षा घेता येईल. चांगल्या केबलीच्या एका तारेचा रोध १०० मीटरला ९.३८ ओहमपेक्षा जास्त असता कामा नये. ३०५ मीटरच्या बंद खोक्यातल्या एका जोडीच्या तारा एका टोकाला एकमेकींना जोडून दुसऱ्या टोकाला मोजले, तर आकडा सत्तावन्नच्या आत यायला हवा. तो ऐंशीच्या आसपास गेला तर दुकानदाराला खोके परत द्यावे.

कॅमेऱ्यांसाठी हा फरक विशेष महत्त्वाचा आहे. हल्ली कॅमेऱ्याला वेगळी वीज न देता लॅन केबलीतूनच देतात; २००३ च्या प्रमाणानुसार स्विच एका पोर्टवर १५.४ वॅटपर्यंत, २००९ च्या प्रमाणानुसार ३० वॅटपर्यंत आणि २०१८ च्या प्रमाणानुसार ९० वॅटपर्यंत शक्ती देऊ शकतो. जास्त रोधाच्या तारेत त्यातली बरीच शक्ती उष्णतेत वाया जाते, केबल तापते, आणि रात्री कॅमेऱ्याचे दिवे लागून मागणी वाढली की कॅमेरा बंद-चालू होऊ लागतो.

‘वाय-फाय असताना भिंत कशाला फोडायची?’

मोबाइलसाठी, फिरत्या लॅपटॉपसाठी वाय-फाय उत्तमच आहे आणि ते असावे. अडचण अशी की वाय-फायची हवा सगळ्यांची सामाईक असते. एका वेळी एकानेच बोलायचे हा हबचा जुना नियम तिथे पुन्हा लागू होतो. २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न येणाऱ्या वाहिन्या तीनच, म्हणजे १, ६ आणि ११, आणि गणपत गल्लीसारख्या दाट वस्तीत शेजारची दहा यंत्रे त्याच तीन वाहिन्यांवर बोलत असतात. ५ गीगाहर्ट्झला जागा अधिक आहे, पण त्या लहरी भिंतीपुढे लवकर थकतात. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या जांभ्या दगडाच्या जाड भिंती, आणि खानापूर-कणकुंबीच्या पावसाळ्यात त्यांनी धरलेली ओल, या लहरींना चांगल्याच अडवतात. म्हणून जे यंत्र जागचे हलत नाही त्याला केबल द्यावी, म्हणजे हवा हलणाऱ्यांसाठी मोकळी राहते. वाय-फायची पेटीही छताजवळ मध्यभागी बसवून तिला केबलनेच जोडावी.

दोन इमारतींच्या मध्ये तांबे नको

शाळेची जुनी इमारत आणि आवारातली नवी इमारत जोडायची असेल, तर बहुतेक जण कॅट ६ केबल झाडावरून किंवा पत्र्यावरून ओढून नेतात. एप्रिल-मे महिन्यांतला वळीव आला की एका कडकडाटात दोन्ही बाजूंचे स्विच आणि कधी कधी संगणकही जातात. वीज थेट केबलवर पडावीच लागते असे नाही. दोन इमारतींचे अर्थिंग वेगवेगळे असते, जवळपास वीज पडली की दोन्हींच्या जमिनीच्या विद्युतदाबात क्षणभर मोठा फरक पडतो आणि तांब्याची तार त्या फरकाला वाट करून देते.

इथे ऑप्टिकल फायबर हाच योग्य उपाय आहे. तिच्यात काचेच्या केसासारख्या बारीक तंतूतून प्रकाश जातो. काच वीज वाहून नेत नाही आणि १०० मीटरची मर्यादाही उरत नाही. सिंगल मोड प्रकारच्या तंतूचा प्रकाशवाही गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा असतो आणि तो काही किलोमीटर सहज जातो, म्हणून शाळेच्या आवारासाठी तोच घ्यावा. दोन्ही टोकांना प्रकाशाचे विजेत आणि विजेचे प्रकाशात रूपांतर करणारी छोटी पेटी, म्हणजे मीडिया कन्व्हर्टर लागतो, किंवा तशी सोय असलेला स्विच. फायबर महाग असते ही समजूत आता जुनी झाली आहे. सांधणीचे यंत्र गावोगावच्या केबलवाल्यांकडे आले आहे. दोन गोष्टींकडे मात्र लक्ष द्यावे. काही फायबर केबलींना घुशी-उंदरांपासून रक्षणासाठी पोलादी कवच असते किंवा टांगण्यासाठी पोलादी तार असते. ते धातू इमारतीत शिरण्यापूर्वी कापून अर्थ केले नाहीत, तर विजेला वाट पुन्हा मिळते. धातू नसलेली केबल पाइपात घालून जमिनीखालून नेणे त्याहून बरे. आणि फायबरने विजेच्या लाइनमधून येणारा दणका अडत नाही, त्यासाठी दोन्ही इमारतींचे अर्थिंग तपासून घ्यावे लागते.

काम ताब्यात घेताना

बिल चुकते करण्यापूर्वी प्रत्येक सॉकेटवर लॅपटॉप जोडून वेग १००० दिसतो का ते पाहावे, तोंडांतले रंग वाचावेत, आणि केबलीच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक लिहिलेला आहे याची खात्री करावी. पाइपात एक दोरी ओढून ठेवायला सांगावे, म्हणजे पुढे नवी केबल घालताना भिंत फोडावी लागणार नाही. गिलावा होण्याआधी उघड्या झिऱ्यांचे फोटो काढून, पाइप जमिनीपासून किती उंचीवर आणि दारापासून किती अंतरावर गेला आहे हे कागदावर मांडून तो कागद संस्थेच्या दप्तरात ठेवावा. नंतर कोणी कपाट अडकवायला खिळा ठोकायला निघाले की आधी तो कागद उघडता येतो.